टिमोलॉल की लॅटानोप्रोस्ट?
काचबिंदूत दोन्ही थेंब डोळ्यातला दाब उतरवतात. टिमोलॉल स्वस्त, पण बहुधा दिवसातून 2 वेळा. लॅटानोप्रोस्ट रात्री एकदाच. खरा फरक डोळ्याबाहेर पडतो. टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकर (शरीरातल्या अॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध) अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातो. मग दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंदावते, मधुमेह्याला साखर उतरल्याची धडधडही जाणवत नाही. दमा किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संकेत अडणं, रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे) असेल तर तो नकोच, आणि हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. डोळ्याच्या तपासणीत छातीचा विषय निघतोच असं नाही. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा 2 मिनिटं दाबला, तर औषध रक्तात कमी जातं.

लॅटानोप्रोस्टने डोळा लाल होतो, पापण्यांचे केस लांबतात, बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो. दमेकऱ्याला तरी हा सौदा परवडतो.