सिरॅमिक मेम्ब्रेन: रबाळ्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) पावसाळा-हिवाळा काढल्यानंतर

आमच्या वर्कशॉपमध्ये तेलविहिरींवरचे पाइप, व्हॉल्व्ह, पंप धुऊन दुरुस्त होतात. मुंबई हायकडून आलेल्या मालावर क्रूड, खारं पाणी, गंज असं सगळंच असतं. त्यात धुलाईचा डिटर्जंट मिसळला की तेल वर तरंगत नाही, दुधासारखं एकजीव होतं. एपीआय सेपरेटर (तरंगणारं तेल वेगळं करणारी टाकी) साधारण 150 मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब पकडतो, डीएएफ (हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तेल वर आणणारी टाकी) त्याहून बारीक. हे पाणी मात्र दोघांनाही पुरून उरतं. म्हणून डीएएफच्या पुढे सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकची अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी, बसवली.

परमिएट (गाळून आलेलं पाणी) नितळ, तवंगाचा मागमूस नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. आमचे रिपोर्ट त्याच्या आतच येतात. जुन्या पीव्हीडीएफ (प्लास्टिकच्या) फायबर मेम्ब्रेनला धुलाईचं गरम, कडक कॉस्टिक सोडा सोसायचं नाही. ही मेम्ब्रेन 60-70 अंशांचं कॉस्टिक आरामात घेते. नंतर गंजासाठी सायट्रिक आम्ल. गरम धुलाईनंतर लगेच थंड पाणी मात्र सोडू नका, हळूहळू निवू द्या.

भर पावसाळ्यात फ्लक्स, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी गाळून येण्याचा वेग, घसरायला लागला. सीआयपी (मेम्ब्रेन जागेवरच रसायनांनी धुणं) केलं की थोडा वर यायचा, पण पूर्वीइतका कधीच नाही. पुरवठादार आम्ल वाढवा म्हणत राहिला. शेवटी आमच्या ऑपरेटर दादांनी फीड टाकीतलं पाणी बोटांत चोळलं आणि म्हणाले, "मॅडम, बुळबुळतंय. पॉली जास्त जातेय." अगदी तेच होतं. डीएएफमध्ये तेल-गाळाचे गोळे बांधायला टाकतात ती कॅटायनिक पॉली (पॉलिमर) धनभारित, मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित. जादाची पॉली थेट जाऊन तिथेच चिकटत होती. जार टेस्ट (भांड्यात थोड्या पाण्यावर डोस तपासणं) करून डोस खाली आणला, मेम्ब्रेन हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) भिजवली, तेव्हा कुठे फ्लक्स परत आला. हायपो आणि आम्ल यांच्यामध्ये भरपूर साधं पाणी फिरवा, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो. हे मी आमच्या मेम्ब्रेनच्या सांगाड्यावर (स्किडवर) मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय.

विजेचं बिल वाढलं. क्रॉसफ्लोचा, म्हणजे मेम्ब्रेनवरून पाणी वेगाने वाहतं ठेवणारा, पंप अखंड फिरतो आणि वेग कमी केला की थर बसतोच, त्यामुळे तिथे काटकसर जमत नाही. किंमतही चांगलीच आहे. मीठ, विरघळलेलं बेन्झिन, फिनॉल यांतलं काहीच ही मेम्ब्रेन अडवत नाही. पाणी परत वापरायचं तर पुढे आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) लागणारच. रिजेक्टमधलं (मेम्ब्रेनने अडवून मागे ठेवलेल्या पाण्यातलं) तेल अधिकृत रिसायकलरला जातं, तेलकट गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे. हा खर्च कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही, तुम्हीच धरून ठेवा.

तरीही मी हीच मेम्ब्रेन पुन्हा घेईन. तुम्ही घेणार असाल तर आधी तुमच्याच पाण्यावर पायलट (छोट्या प्रमाणावर चाचणी) मागा, तीही डिटर्जंटची धुलाई चालू असताना. स्वच्छ पाण्यावरचा फ्लक्स दाखवणाऱ्याला ऑर्डर देऊ नका.