मेलानोक्रायसम की व्हेरुकोसम? मखमली फिलोडेंड्रॉन निवडताना

मखमली पानांचा, वर चढणारा फिलोडेंड्रॉन घ्यायचा असं एकदा मनात आलं की शोध बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबतो: मेलानोक्रायसम आणि व्हेरुकोसम. फोटोत दोघंही सारखीच भुरळ घालतात. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. पान बघून ठरवू नका, रात्री तुमच्या खोलीतली हवा कशी असते ते बघून ठरवा. घर उबदार असेल तर मेलानोक्रायसम. ओलावा धरून ठेवणारं, झाडं ठेवायचं काचेचं कपाट असेल किंवा गारसर, दमट कोपरा असेल तरच व्हेरुकोसम.

याचं मूळ दोघांच्या माहेरात आहे. मेलानोक्रायसम कोलंबियाचा. अँडीजच्या खालच्या, भरपूर पावसाच्या उतारांवर तो झाडांच्या खोडांना धरून वर जातो. लिंडन आणि आंद्रे यांनी १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. व्हेरुकोसमचा पसारा कोस्टा रिकापासून पेरूपर्यंत आहे आणि तो धुक्यात बुडालेल्या डोंगरी जंगलांतही वाढतो. तिथे ऊन बेताचं, रात्र गार आणि हवा कायम ओलसर. ही सवय तो घरात आल्यावरही सोडत नाही.

पानं

मेलानोक्रायसमचं नवं पान तांबूस-केशरी रंगाचं निघतं. पहिले काही दिवस ते इतकं लुसलुशीत असतं की नख लागलं तरी वण कायमचा राहतो. मग ते हिरवं होतं आणि शेवटी जवळजवळ काळं वाटावं इतकं गडद. त्यावर फिकट शिरा उठून दिसतात. पान लांबट असतं आणि देठापासून सरळ खाली लोंबतं. चांगला आधार मिळाला तर घरातसुद्धा ते अर्ध्या मीटरच्या पुढे जाऊ शकतं. लहानपणी मात्र हेच पान साधं बदामी आकाराचं असतं. छोट्या आणि मोठ्या रोपाच्या पानांत इतका फरक की मोठ्या पानांच्या रोपाला एके काळी अँड्रिएनम असं वेगळंच नाव मिळालं होतं. त्यामुळे घरी आलेलं वीतभर रोप फोटोसारखं दिसत नाही म्हणून लगेच फसलो असं समजू नका.

व्हेरुकोसम लहानपणापासूनच नटलेला. हिरव्या मखमलीवर शिरांच्या कडेने उजळ पट्टे, पान उलटलं की शिरांच्या मधल्या जागेत तांबडा-जांभळा रंग आणि देठावर सुरवंटासारखी लव. ही लव म्हणजे ओळखायची सगळ्यात सोपी खूण. रंगाची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. काही रोपांची पानं मागून गर्द तांबडी असतात, तर काहींची नुसतीच हिरवट. विकणाऱ्याकडे त्याच रोपाच्या पानाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, दुसऱ्या कुठल्या तरी रोपाचा नको.

दोघांचीही मखमल खरं तर केसांची नसते. पानाच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसून बारीक शंकूसारख्या उभारलेल्या असतात, म्हणून प्रकाश पडला की ती झळाळी दिसते. त्यामुळे धूळ फडक्याने घासून काढू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका. पानं चमकवायचे स्प्रे तर इथे पूर्णपणे वर्ज्य.

हवा, म्हणजे खरा मुद्दा

मेलानोक्रायसमला २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर तो खूश, ५० पर्यंतही तग धरतो. त्याखाली गेलात की नवं पान आवरणातून सुटताना अडकतं आणि बाहेर येतं तेव्हा फाटलेलं किंवा चुरगळलेलं असतं. अशा वेळी ते बोटांनी सोलायचा मोह आवरा. आवरणावर कोमट पाण्याचे दोन-चार थेंब सोडा आणि वाट बघा. तापमान १५ अंशांच्या खाली जाऊ लागलं की त्याची वाढ थंडावते आणि अशा वेळी कुंडी ओली राहिली तर मुळं सडतात.

व्हेरुकोसमची मागणी वेगळी आहे: ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि रात्री दिवसापेक्षा स्पष्ट गारवा. दिवसाच्या उष्णतेशी तो एक वेळ जुळवून घेईल, पण एकामागून एक उकाड्याच्या रात्री आल्या की नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं. रात्रभर झाडाचं श्वसन चालूच असतं आणि हवा जितकी गरम तितकी दिवसभरात बनवलेली साखर जास्त खर्च होते. गारव्याची सवय असलेल्या झाडाला हा खर्च झेपत नाही. कोरड्या हवेत त्याच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या आणि मग कागदासारख्या होतात. एसी रोज चालणाऱ्या खोलीत गारवा मिळतो, पण हवा कोरडी होते. म्हणजे निम्मंच काम झालं.

पाण्याची फवारणी हा यावरचा उपाय नाही. तिने वाढलेली आर्द्रता थोड्याच वेळात विरते आणि हवा खेळती नसेल तर ओल्या मखमलीवर बुरशीचे डाग पडतात. समाधान झाडापेक्षा मालकालाच जास्त! पैसे खर्च करायचेच असतील तर आधी आर्द्रतामापक घ्या आणि आठवडाभर पहाटे आणि दुपारी त्यावरचे आकडे बघा. निवड बहुधा तिथेच होऊन जाईल. त्यानंतर ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं यंत्र) किंवा काचेचं कपाट यांचा विचार करा. मात्र कपाटात मेलानोक्रायसम फार काळ मावत नाही, व्हेरुकोसम त्यामानाने जास्त दिवस मावतो.

आधार

इथे मेलानोक्रायसम जास्त काम लावतो. आधाराशिवाय तो मरत नाही, पण पानं लहानच राहतात आणि दोन पेरांमधलं कांडं लांबत जातं. हवाई मुळं ओल्या पृष्ठभागात शिरली की चित्र बदलतं. त्या मुळांतून वरच्या पेरांना थेट पाणी मिळतं आणि पुढची पानं आकाराने वाढत जातात. काथ्याची काठी यासाठी फारशी उपयोगाची नाही, कारण ती लवकर कोरडी पडते आणि मुळं तिच्या बाहेरूनच फिरत राहतात. जाळीच्या नळीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून केलेली स्टिक घ्या आणि ती वरून भिजवत राहा. तळाला बारीक भोक पाडलेली बाटली स्टिकच्या डोक्यावर उपडी ठेवली तर पाणी हळूहळू झिरपतं. वेल बांधताना गाठ खोडाला मारा, देठाला नको. देठ मोकळा असेल तरच पान उजेडाकडे वळू शकतं.

व्हेरुकोसमलाही मॉस स्टिक आवडते, फक्त तिथे एवढा आटापिटा करावा लागत नाही.

बाकीचं दोघांना सारखंच

खिडकीजवळ पडद्याआडचा भरपूर उजेड द्या, दुपारचं थेट ऊन नको. माती भुसभुशीत हवी: ऑर्किडसाठी मिळते ती साल, परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), थोडं कोकोपीट आणि मूठभर लाकडी कोळसा. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकला की पाणी घाला. पाणी क्षारयुक्त असेल तर पानांची टोकं करपतात, पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. दोघांच्याही रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावलं तर ते तोंडात टोचतात. मांजर, कुत्रा किंवा रांगणारं मूल घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

किडींच्या बाबतीत थोडा फरक आहे. फुलकिडे दोघांवरही येतात, पण हवा कोरडी पडली की लाल कोळीचा त्रास माझ्या पाहण्यात व्हेरुकोसमला लवकर होतो. देठावरच्या लवीत ही बारीक कीड चटकन दिसतही नाही. भिंग घेऊन पानांची मागची बाजू तपासा. कडुनिंबाच्या तेलाने मखमलीवर डाग पडू शकतात, म्हणून आधी एकाच जुन्या पानावर वापरून बघा.

मधला मार्ग

दोघांपैकी एक सोडवत नसेल तर त्यांचं अपत्यही मिळतं. स्प्लेंडिड नावाने विकला जाणारा संकर या दोघांचाच. पान आईबापांच्या मधलं, देठावर थोडी लव आणि हवेच्या बाबतीत व्हेरुकोसमपेक्षा बराच समजूतदार. खरं सांगायचं तर साध्या खोलीत ठेवायला मी अनेकांना हाच सुचवतो. आणि हा तुमचा पहिलाच मखमली फिलोडेंड्रॉन असेल, तर आधी मायकान्स हा छोट्या पानांचा फिलोडेंड्रॉन लावा. तो दुर्मीळ नाही, पण मखमल खरी आणि चुका पोटात घालणारा. कधी कधी हाच मायकान्स छोटा मेलानोक्रायसम म्हणून गळ्यात मारला जातो, तेव्हा शिरा बघा. मेलानोक्रायसमच्या शिरा कोवळ्या वयातही फिकट आणि ठळक असतात, मायकान्सच्या पानातच विरलेल्या.

घेताना

बिनपानांचं, बिनमुळांचं एकच पेर स्वस्तात मिळतं. मेलानोक्रायसमच्या बाबतीत हा जुगार खेळायला हरकत नाही, ओल्या मॉसमध्ये उबेला ठेवलं तर ते बहुधा फुटतं. व्हेरुकोसमचं मात्र रुजलेलं, वाढता शेंडा असलेलं रोपच घ्या. नव्या हवेशी जुळवून घेताना तो एखाद-दुसरं पान टाकतो, आणि शेंडा शाबूत असेल तरच त्यातून सावरतो. दोन्हीत सर्वांत नवं पान आधीच्या पानाएवढं किंवा त्याहून मोठं आहे ना ते पाहा. पानावर चंदेरी ओरखडे आणि मागे काळे बारीक ठिपके असतील तर ते फुलकिड्यांचं काम, ते रोप तिथेच राहू द्या. निर्दोष दिसलेलं रोपसुद्धा तीन-चार आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, आणि त्या काळात कुंडी बदलायची घाई करू नका.