२ टीबीच्या खोक्यात ६४ जीबी

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ऑनलाइन सेलमध्ये ‘२ टीबी पेनड्राइव्ह ७९९ रुपयांत’, ‘१६ टीबी एसएसडी १,४९९ रुपयांत’ अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. (एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी, पेनड्राइव्हपेक्षा वेगवान डिस्क.) गिऱ्हाईकही ठरलेलं असतं. सुट्टीत फोनमधले फोटो एकदाचे उतरवून घेऊ, लग्नाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करू, असा बेत केलेला हौशी माणूस. भाऊबीजेची ओवाळणी म्हणूनही हा माल खपतो. संगणकाला लावला की २ टीबी दिसतात, दोनशे फोटो टाकले तर दोनशेच्या दोनशे उघडतात. गिऱ्हाईक खूश होऊन पाच स्टार देतं. फसवणूक तेव्हाच झालेली असते, पण कळते ती पुढच्या गणपतीत.

एक टीबी म्हणजे हजार जीबी. प्रत्यक्षात आत साधारण ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते. ‘एसएसडी’ म्हणून विकलेला धातूचा डबा उघडला, तर बहुतेक वेळा छोट्या सर्किटवर ग्लू गनने चिकटवलेलं एक मायक्रोएसडी कार्ड निघतं. चिपचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरमध्ये कारखान्यातल्याच सॉफ्टवेअरने खोटा आकार भरलेला असतो. संगणक कंट्रोलरला विचारतो, ‘जागा किती?’ तो सांगतो, ‘२ टीबी.’ संगणकाकडे त्यावर विश्वास ठेवण्याखेरीज उपाय नसतो.

खरी जागा संपल्यावर दोनपैकी एक प्रकार होतो. साध्या नकली ड्राइव्हमध्ये नवा डेटा परत सुरुवातीपासून, जुन्यावरच लिहिला जातो. फायलींची यादी सुरुवातीलाच असल्याने तीही जाते आणि ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. चलाख नकली ड्राइव्ह यादी जपतो आणि जागेत न मावणारा डेटा गुपचूप टाकून देतो. मग फायलींची नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी दिसतं, पण फोटो उघडला की राखाडी पट्टा आणि व्हिडिओ चालतच नाही. हा दुसरा प्रकार जास्त घातक, कारण कॉपी करताना एकदाही चूक दाखवली जात नाही.

सगळा खेळ मुदतीचा आहे. माल परत करायला साधारण सात दिवस मिळतात आणि सात दिवसांत घरगुती माणूस ६४ जीबी क्वचितच भरतो. चांगले अभिप्रायही त्याच आठवड्यात लिहिलेले असतात, त्यामुळे ते खरे असूनही कुचकामी ठरतात. ड्राइव्ह हातात पडला त्याच दिवशी, एकही फोटो न टाकता, तो काठोकाठ भरून वाचून पाहणं हाच पक्का उपाय.

विंडोजवर त्यासाठी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ड्राइव्ह रिकामा ठेवायचा, सगळी मोकळी जागा निवडायची आणि लिहिणं व पडताळणं दोन्ही एकत्र करणारं बटण दाबायचं. ते १ जीबीच्या फायली भरत जातं आणि मग वाचून जुळवतं. माल नकली असला तर किती जीबी ठीक आणि किती गेले, हे शेवटी स्पष्ट छापून येतं. लिनक्स आणि मॅकवर हेच काम ‘एफ३’ करतं: आधी एफ३राइट, मग एफ३रीड. लिनक्सवरचं एफ३प्रोब तर काही मिनिटांत निकाल देतं, मात्र ते पूर्ण डिस्कवर चालवायचं असल्याने डिस्कचं नाव दोनदा वाचावं. एका अक्षराची चूक झाली तर स्वतःचीच डिस्क पणाला लागते. विंडोजवर घाई असेल तर ‘व्हॅलिड्राइव्ह’ आहे. ते ड्राइव्हभर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून पाहतं.

पूर्ण चाचणीला वेळ लागतो. सेकंदाला १५ एमबी या वेगाने २ टीबी लिहायलाच ३७ तास होतात, वाचन वेगळं. लॅपटॉप चार्जरला लावून स्लीप बंद करावा. एवढा धीर नसेल तर निदान पहिले दीडशे जीबी भरून पाहावेत, बहुतेक नकली माल तिथवर उघडा पडतो. सगळा मात्र नाही, कारण आत २५६ जीबीची चिप घातलेला मालही निघू शकतो.

काही तपासण्या भरवशाच्या वाटतात, पण नसतात. ड्राइव्ह झटपट पुसणाऱ्या ‘क्विक फॉरमॅट’ला काहीच कळत नाही. कॉपी झाल्या झाल्या फाइल उघडून पाहणंही फसवं, कारण संगणक ती पुष्कळदा स्वतःच्या रॅममधूनच, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतूनच, दाखवतो. ड्राइव्ह काढून पुन्हा लावल्याशिवाय त्या पाहण्याला अर्थ नाही. खरा २ टीबीचा ड्राइव्ह विंडोजवर १.८१ टीबी दिसतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण नकली ड्राइव्हही हा आकडा दाखवू शकतो.

विकत घेण्याआधीच बरंच कळतं. २ टीबीचा खरा पेनड्राइव्ह असतो. किंग्स्टनने तो २०१७ मध्ये आणला. तो ७९९ रुपयांना मात्र मिळत नाही. ८ टीबीची खिशात मावणारी एसएसडीही आहे, तिला चांगल्या लॅपटॉपएवढे पैसे पडतात. २५६ जीबीपेक्षा मोठ्या यूएसबी एसएसडीला भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहावा. उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा देश आणि एमआरपी यांतलं काही खोक्यावर नसेल, तर खोकं उघडूच नये. यूएसबी ३ म्हणून विकलेल्या जुन्या चौकोनी पिनेच्या ड्राइव्हमध्ये नऊ संपर्कपट्ट्या हव्यात. निळं प्लास्टिक आणि आत चारच पट्ट्या, म्हणजे जुना, हळू यूएसबी २.

पकडल्यावर डबा फोडू नये, परतावा अडतो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ, चाचणीच्या निकालाचं चित्र, बिल आणि जाहिरातीचं पान जपून ठेवावं, कारण ते पान पुढे गायब होतं. विक्रेता ‘दोनशे रुपये परत देतो, माल ठेवून घ्या’ म्हणतो. तेवढ्यावर मिटवू नये. संकेतस्थळाने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये. तिथे दुसरा चोर बसलेला असतो, जो परताव्यासाठी स्क्रीन शेअर करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. त्यात पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा.

फोटो आधीच टाकले असतील तर ड्राइव्हवर आणखी काही लिहू नये. खऱ्या जागेच्या पलीकडचं मात्र कुणालाही परत मिळवता येत नाही, कारण ते एक तर लिहिलंच गेलेलं नसतं, नाही तर त्याने जुनं पुसून टाकलेलं असतं. त्यावर डेटा रिकव्हरीवाल्याला पैसे देणं म्हणजे दुसऱ्यांदा लुटलं जाणं. त्यापेक्षा आधी फोनची कचरापेटी पाहावी. आयफोनमध्ये पुसलेले फोटो ३० दिवस राहतात, गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले ६० दिवस आणि न घेतलेले ३० दिवस.