आवाजावर चालणारा कॅसेट रेकॉर्डर: एकट्याने बोलायला मस्त, दोघांच्या बोलण्याला नको

हातात मावणारा कॅसेट रेकॉर्डर आहे, सेकंडहँड घेतलाय आणि आता रोजच्या वापरात आहे. घेतला तो त्यातल्या एकाच सोयीसाठी, आवाज आला की टेप आपोआप सुरू आणि शांत झालं की आपोआप बंद, म्हणून रिव्ह्यू पण मुख्यतः त्याचाच लिहितेय. सोनीच्या मशीनवर या स्विचला व्हीओआर म्हणतात, पॅनासोनिकच्या मशीनवर व्हीएएस, काम एकच. माझ्या मशीनवर स्विचला तीन जागा आहेत, ऑफ, एल आणि एच.

वापरायला सोपं आहे. स्विच एल किंवा एच वर ठेवायचा, रेकॉर्ड दाबायचं आणि बोलायला लागायचं. बोलणं थांबलं की काही सेकंद टेप फिरत राहते आणि मग थांबते, रेकॉर्डचं बटण मात्र दाबलेलंच राहतं, पुन्हा बोललं की पुन्हा सुरू. मी याचा वापर लिहिण्याआधी विचार बोलून ठेवायला करते, आणि त्यासाठी याच्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. विचार करताना माणूस बोलतो कमी आणि गप्प जास्त असतो, साध्या रेकॉर्डरवर ती सगळी शांतता टेपवर जाते आणि मग ऐकताना सतत पुढे ढकलत बसावं लागतं. इथे सी-६० कॅसेटची ३० मिनिटांची एक बाजू, निम्मा वेळ गप्प असलं तर जवळजवळ तासभर पुरते आणि ऐकताना फक्त बोलणं ऐकू येतं. हात मोकळे राहतात, पॉज दाबायची आठवण ठेवावी लागत नाही, डोकं पूर्ण विषयावर राहतं. या एका कामासाठी पैकीच्या पैकी मार्क.

आता यातली खरी अडचण. मशीन आवाज ऐकून मग मोटर सुरू करतं, म्हणजे पहिलं अक्षर तोंडातून निघून गेल्यावर टेप हलायला लागते. त्यात थांबलेली टेप सेकंदाला ४.७६ सेमी या पूर्ण वेगात यायला क्षणभर लागतो, त्या क्षणात जे रेकॉर्ड होतं ते कमी वेगात रेकॉर्ड होतं आणि वाजवताना पूर्ण वेगात वाजतं, म्हणून प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला एक बारीक, चिरका आवाज येतो. हा बिघाड नाहीये, या पद्धतीच्या मशीनमध्ये हे असणारच. उपाय एकदम साधा, बोलण्याआधी मुद्दाम "हं" म्हणायचं, लाल लाइट लागला की मग वाक्य सुरू करायचं. थोड्या सवयीने ते आपोआप व्हायला लागतं.

पण हे आपण एकटे बोलत असतानाच जमतं. समोर दुसरं माणूस असेल, मुलाखत असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी टेप करायच्या असतील तर हा स्विच ऑफ म्हणजे ऑफच ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. आपण प्रश्न विचारतो, समोरचं माणूस विचार करतं, तेवढ्यात टेप थांबते आणि मग हळूच दिलेलं "हो" किंवा "नाही" निघूनच जातं. मोठं उत्तर असेल तर पहिला शब्द गेला तरी संदर्भाने कळतं, छोटं उत्तर गेलं की काहीच उरत नाही. शिवाय म्हातारी माणसं वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणतात, तो टेप चालू राहायला लागणाऱ्या पातळीच्या खाली गेला आणि तसाच राहिला तर टेप मध्येच थांबू शकते. आणि माणूस किती वेळ गप्प राहिलं, कुठल्या नावावर अडखळलं हे पण त्या आठवणीचाच भाग आहे ना, ते कापून टाकलं तर ऐकताना माणूस भरभर उत्तरं देतंय असं वाटतं, जे खरं नसतं. कॅसेट वाचावी म्हणून असल्या गोष्टीत काटकसर करू नका. गाण्यालाही हेच, हळू आवाजातली सुरुवात आणि मधली शांतता दोन्ही जातात.

एल आणि एच मध्ये गोंधळ होतो बऱ्याच जणांचा. एच म्हणजे जास्त संवेदनशील, मोठ्या शांत खोलीत लांबून बोलणाऱ्याचा आवाज पकडायला. एल म्हणजे कमी, तोंडाजवळ धरून बोलायला किंवा आजूबाजूला आवाज असेल तेव्हा. पंखा चालू असेल आणि एचवर ठेवलंत तर टेप थांबतच नाही, पंख्यालाच बोलणं समजते. मशीन टेबलावर ठेवलं तर टेबलावरची खुडबुड, कप ठेवल्याचा आवाज यानेही सुरू होतं, खाली घडी केलेला रुमाल ठेवला की बराच फरक पडतो. वेगळा क्लिपचा माइक लावला तर फरक अजून मोठा, कारण आतला माइक मोटरची घरघर पण पकडतो.

आवाजाचा दर्जा बोलण्यापुरता चांगला आहे, मागे हिस म्हणजे टेपचा बारीक स्स्स आवाज आहे आणि शांततेत ती वर येते कारण मशीन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत असतं, ते बंद करायची सोय नाही. वेग अर्धा करायचा स्विच पण आहे, सेकंदाला २.४ सेमी, त्याने कॅसेट दुप्पट पुरते पण ती टेप साध्या कॅसेट प्लेअरवर लावली तर दुप्पट वेगाने पळते, मी वापरत नाही.

सेलबद्दल एक. टेप थांबलेली असली तरी मशीन जागंच असतं, ऐकतच असतं, त्यामुळे तसंच ठेवून विसरलं तर सेल उतरतात. आणि त्या अवस्थेत रबरी रोलर टेपवर दाबून बसलेला असतो, तासन्तास तसं राहिलं तर रोलरला खळगा पडू शकतो, म्हणून काम झालं की स्टॉप दाबायचंच.

कॅसेट सी-६० च घ्या, साधी नॉर्मल टेप. सी-१२० ची टेप फार पातळ असते आणि सारखं सुरू-बंद करताना बसणारे झटके तिला सोसत नाहीत, ताणली जाते किंवा गुंतते. कॅसेट लावल्यावर सुरुवातीचा रंगीत पट्टा संपेपर्यंत पुढे घ्या, त्यावर काहीच रेकॉर्ड होत नाही. आणि बाजू संपली हे लक्षात येत नाही कारण किती टेप फिरली याचा घड्याळावरून अंदाजच लागत नाही, तेव्हा मधून मधून खिडकीतून बघत जा. जे ठेवायचंय त्या कॅसेटचा मागचा प्लास्टिकचा तुकडा लगेच मोडून टाका, म्हणजे त्यावर चुकून दुसरं रेकॉर्ड होत नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच एक वाक्य बोला, टेप थांबेपर्यंत गप्प राहा, दुसरं वाक्य बोला आणि रिवाइंड करून ऐका. दुसऱ्या वाक्याचं पहिलं अक्षर गेलं तर चालेल, अख्खा शब्द गेला तर मोटर उठायला वेळ घेतेय, बहुतेक मोटरचा रबरी बेल्ट सैल झालाय. आवाज लहरत असेल तरी आधी बेल्ट आणि रोलरच बघायचे, ते बदलता येतात. आवाज नुसताच दबलेला असेल तर हेडवर, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या भागावर, मळ असेल, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसून परत ऐका, तरी तसाच राहिला तर हेड झिजलेलं असू शकतं, मग दुसरं मशीन बघा.