हॉल आणि परसदार एका पातळीत आणण्याच्या नादात

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमचे घर आहे आणि घरामागे जेमतेम 450 चौरस फुटांचे परसदार आहे. हॉलची मागची भिंत काढून तिथे सरकती काच बसवावी, बाहेर सागवानी फळ्यांचा डेक आणि त्यावर पर्गोला (पट्ट्यांचा उघडा मांडव) करावा, म्हणजे बैठक थेट झाडांपर्यंत जाईल, अशी आमची हौस होती. स्वतःला लँडस्केप डिझायनर म्हणवणाऱ्या एका ठेकेदाराला 3,80,000 रुपयांत हे काम दिले.

त्याच्या चित्रांत हॉलची फरशी आणि डेक अगदी एका रेषेत होते, मध्ये उंबरासुद्धा नव्हता, आणि आम्ही भुललो ते नेमके त्यालाच. बाहेरची फरशी घराकडून बाहेर उतरती हवी, मीटरमागे निदान 1 सेंटीमीटर तरी ढाळ हवा आणि काचेलगत जाळीची पन्हळ हवी, हे मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा मात्र पाणी कुठे जाणार, हा प्रश्नच मला सुचला नाही. जुन्या घरांतला उंबरा पाणी अडवत असे, आणि मी तो पैसे मोजून काढून टाकला.

नमुना म्हणून त्याने सागाचा वीतभर तुकडा आणून दिला होता. तो हाताला जड लागे, कडेला किंचित तेलकट वाटे. तो मी टेबलावर कागद दाबायला ठेवला, एवढेच एक शहाणपण माझ्याकडून घडले. बिलाचा विषय निघाला तेव्हा "पक्के बिल नको असेल तर जीएसटीचे 18 टक्के वाचतील," असे तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. मे महिन्यात काम उरकले, तोपर्यंत 3,40,000 रुपये त्याच्या हाती गेले होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली आणि एका सकाळी सोफ्याचे पाय पाण्यात दिसले. ठेकेदार आधी "पाऊसच जास्त झालाय" म्हणाला, मग त्याने फोन उचलणे बंद केले. गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी एक फळी उचकटली, तिची न रंगवलेली खालची बाजू वर केली, गाठींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो साग न्हाई. यमायडीशीत मशिनी येत्यात न्हवं, त्या खोक्यांचं लाकूड हाय." पाइनला सागवानी रंग फासला होता. खालचे लोखंडी स्क्रू दोन महिन्यांतच गंजले होते, आणि डेकखाली वॉटरप्रूफिंग तर नव्हतेच, पण कोब्याचा उतार चक्क हॉलकडे होता. डेक आधीच टाकल्यामुळे हे सगळे झाकले गेले होते. कोबा उघडा असताना त्यावर दोन बादल्या पाणी ओतले असते, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

जिल्हा ग्राहक आयोगात, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. माझी अडचण निराळी आहे. वकिलांनी पहिल्याच भेटीत बिल मागितले, आणि माझ्याकडे वहीच्या पानावरची पावती आहे, जिच्यावर "फर्निचर काम" एवढेच लिहिले आहे. साग, जाडी, ढाळ, वॉटरप्रूफिंग यांपैकी एकही शब्द तिच्यावर नाही. बँकेतून पाठवलेल्या रकमांच्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे "बर्मा टीक कन्फर्म" हे त्याचे तीन शब्द आणि टेबलावरचा तो वीतभर तुकडा, एवढ्यावर तक्रार उभी करण्याचे काम सध्या चालू आहे.