जानेवारीत कुठे धावावे: मुंबई मॅरेथॉन की माथेरानची स्मरणधाव?

ऑगस्टपासून सराव करणाऱ्या अनेक मुंबईकरांसमोर दिवाळीनंतर एकच प्रश्न उभा राहतो. जानेवारीतली मुख्य धाव म्हणून शहरातली मोठी मॅरेथॉन निवडावी, की डोंगरातली एखादी लहान, गाजावाजा नसलेली धाव निवडावी? गेली काही वर्षे मी या दोन्ही धावतो आहे. दुसऱ्या प्रकारातली जी धाव मला जवळून माहीत आहे, ती आमचा लहानसा गट जानेवारीच्या अखेरीस माथेरानच्या लाल वाटांवर १९२० च्या ऑलिंपिकमधले मॅरेथॉनपटू फडेप्पा चौगुले यांच्या स्मरणार्थ आयोजित करतो. तिच्या तयारीत माझा हात असतो, हे आधीच सांगितलेले बरे. वाचकाने माझे मत तेवढे वजा करून वाचावे.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होते. अलीकडच्या वर्षांत सर्व प्रकार मिळून ५०,००० हून अधिक लोक तिच्यात उतरतात. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि अर्धमॅरेथॉन त्याच्या निम्मी. पायाखाली सलग डांबर, ठरावीक अंतरावर पाणी, वैद्यकीय पथके, बुटाला किंवा नंबराला लावलेल्या चिपने मोजलेली अधिकृत वेळ आणि दुतर्फा टाळ्या वाजवणारे लोक, एवढे सगळे एका सकाळी दुसरीकडे मिळत नाही. सी लिंकवरून पायी जाण्याची संधीही एरवी मिळत नाही. मार्ग वर्षागणिक थोडा बदलतो, म्हणून त्या वर्षीचा नकाशा पाहूनच सराव आखावा. मात्र परतीच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ आला, की आधी वेगाने धावलेल्यांची खरी परीक्षा तिथे होते, असा माझा अनुभव आहे.

तिच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. नोंदणी कित्येक महिने आधी करावी लागते आणि शुल्क काही हजारांच्या घरात जाते. पहाटेचा गारवा सूर्य वर आल्यावर फार वेळ टिकत नाही. नऊच्या पुढे धावणाऱ्याला ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसावे लागतात. हिवाळ्यात शहराची हवा वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसांतली असते, आणि ज्याला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास आहे त्याने हा मुद्दा इतर कोणत्याही मुद्द्याच्या आधी विचारात घ्यावा.

आता माथेरान. सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे गाव खासगी मोटारींना बंद आहे. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि पुढे पायी, घोड्यावर, मिनी ट्रेनने किंवा अलीकडे ई-रिक्षाने जावे लागते. बाजारपेठेतला रस्ता सोडला की जांभ्या दगडाची लाल माती, उघडी पडलेली मुळे आणि ऐन-जांभळाची दाट सावली सुरू होते. पहाटे शेकरूची हाक ऐकू येते. आमची वाट साधारण १६ किलोमीटरची आहे, पण हा आकडा ऐकून रस्त्यावरच्या १६ किलोमीटरचा हिशोब करू नये. जो धावपटू डांबरावर एक किलोमीटर ७ मिनिटांत धावतो, त्याला इथे ९ ते १० मिनिटे लागतात. प्रत्येक पाऊल कुठे ठेवायचे हे पाहावे लागते, आणि उतारावर मांड्या जितक्या दुखतात तितक्या चढावरही दुखत नाहीत. रस्त्याचे गुळगुळीत तळव्याचे बूट सुक्या लाल मातीच्या भुशावर घसरतात, त्यामुळे खोल खाचांचा तळवा असलेले बूट घ्यावेत.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्ही धावांमधला फरक सर्वांत मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी लुइसा पॉइंटच्या बाजूला एका मुळावर माझा घोटा मुरगळला. मागून येणाऱ्या दोघांनी स्वतःची धाव सोडली आणि मला खांदा देत जवळपास ३ किलोमीटर चालवत आणले. माथेरानमध्ये रुग्णवाहिकेला मुभा आहे, पण ती मुख्य रस्त्यापर्यंतच येऊ शकते. त्यापुढची मदत म्हणजे सोबतचा माणूस. म्हणून आम्ही कोणालाही एकट्याने धावू देत नाही, प्रत्येकाकडे पाणी आणि शिट्टी आहे की नाही हे सुरुवातीलाच पाहतो, आणि ज्यांना हृदयविकाराचा किंवा चक्कर येण्याचा इतिहास आहे त्यांना नम्रपणे शहरातली धाव सुचवतो.

या धावेचे नाव ज्यांच्याशी जोडलेले आहे त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तिचे स्वरूप त्यांच्यामुळेच ठरले आहे. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावचे, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातले. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले, आणि त्यांच्या पुढाकारातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्या संघात मॅरेथॉनसाठी चौगुले आणि सदाशिव दातार होते. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते १९वे आले. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन त्यांच्यापुढे सुमारे १८ मिनिटे होते. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. एका किलोमीटरला जेमतेम ४ मिनिटे, ही गती त्या काळात, परक्या देशात राखणे म्हणजे काय, हे एखादा किलोमीटर त्या वेगाने धावून पाहिल्यावरच कळते.

हे नाव मुंबईत फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणूनच आमच्या धावेत पहिल्या येणाऱ्याला काही दिले जात नाही. शाल आणि श्रीफळ १९व्या क्रमांकाने येणाऱ्याला दिले जाते, आणि सुरुवातीपूर्वी गटातली ज्येष्ठ मंडळी अँटवर्पची हकिगत सांगतात. घड्याळ लावले जाते, पण निकालाचा कागद कुठेही लावला जात नाही. शुल्क म्हणजे पोहे आणि चहाचा वाटा, त्याखेरीज नगरपरिषदेचा प्रवासी कर. ज्यांना पदक, छायाचित्र आणि प्रमाणित वेळ हवी आहे, त्यांची इथे निराशा होईल, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही.

मग निवड कशी करावी? ज्याची ही पहिलीच लांब धाव आहे, ज्याला स्वतःची वेळ सुधारायची आहे, किंवा ज्याच्या घरचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याला पाहू इच्छितात, त्याने मुंबई मॅरेथॉनच धावावी. ती आता टाटांच्याच नावाने ओळखली जाते, आणि दोराबजींमुळे टाटा हे नाव या खेळाच्या इतिहासाशी जोडलेले आहेच. ज्याने ती दोनतीनदा केली आहे, ज्याचे गुडघे डांबराला कंटाळले आहेत आणि ज्याला घड्याळाकडे न पाहता सकाळ घालवता येते, त्याने डोंगर निवडावा. माझा स्वतःचा कल डोंगराकडे आहे, परंतु सरावाशिवाय कोणी डोंगरात यावे असे मी कधीही म्हणणार नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंतचा चढ आठवड्यातून एकदा, आणि इमारतीचे जिने दोनदा, एवढे किमान दोन महिने व्हायला हवे.

दोन्ही एकाच महिन्यात करण्याचा मोह अनेकांना होतो. अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याला ते जमू शकते, मात्र तिसऱ्या रविवारी पूर्ण ४२ किलोमीटर धावलेल्या पायांनी अखेरच्या रविवारी माथेरानच्या उतारावर जाऊ नये; थकलेल्या स्नायूंचा तोल मुळांवर आणि सुट्या दगडांवर सर्वांत आधी जातो. अशांनी त्या दिवशी धावण्याऐवजी पाणी देण्यासाठी टेबलापाशी उभे राहावे. आदल्या संध्याकाळची कर्जत लोकल पकडून नेरळला उतरावे, रात्री तिथेच मुक्काम करावा, आणि पहाटे दस्तुरीकडे निघताना गरम कपडे विसरू नयेत.