प्लाझ्मा कटर घेताना: पायलट आर्क हवा की नको?

४०-५० अँपिअरचा प्लाझ्मा कटर, म्हणजे विजेचा आर्क आणि हवेच्या झोताने धातू कापणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की दोन प्रकार समोर येतात. एकाचा टॉर्च जॉबला (कापायच्या धातूला) टेकवल्याशिवाय पेटत नाही, दुसऱ्याला पायलट आर्क, म्हणजे टॉर्चच्या आतच आधी पेटणारा छोटा आर्क, असतो. किमतीतला फरक पाहून बहुतेकांचा हात पहिल्याकडे जातो. कोऱ्या एमएस (साध्या पोलादी) पत्र्यावर पट्टी लावून सरळ कट मारायचे असतील तर त्यात चूक काही नाही. ५-६ मिमीपर्यंत दोन्हींचा कट सारखाच दिसतो, आणि टेकवून चालणाऱ्या टॉर्चचे नोझल (पुढचं भोकाचं तोंड) आणि इलेक्ट्रोड (त्यामागचा, आर्क जिथून निघतो तो भाग) स्वस्त पडतात.

खरी कसोटी लागते ती जुनं काम आल्यावर. रंगाचे चार थर चढलेली खिडकीची ग्रिल, गंजका अँगल, जाळीचं दार. बिनपायलटच्या टॉर्चमध्ये आर्कला इलेक्ट्रोडपासून थेट जॉबपर्यंत उडी मारावी लागते. मध्ये रंग किंवा गंजाची खपली आली की ट्रिगर दाबूनही नुसती हवा फुसफुसते. मग ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करा, तिथे टेकवा, पेटवा. जाळीवर तर प्रत्येक पट्टीनंतर मोकळी जागा येते, तिथे आर्क विझतो आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्यापुरता निकाल या फुसफुशीनेच लावला. पायलट आर्क नोझल आणि इलेक्ट्रोडच्या मधेच पेटतो, हवेच्या झोताने बाहेर येतो आणि १.५ ते ३ मिमी अंतरावरूनही जॉब पकडतो. अर्थ क्लॅम्प मात्र दोन्हींना उघड्या धातूवरच लागतो, आणि तो तुटून पडणाऱ्या तुकड्यावर नको.

टेकवून ओढण्याची किंमत नोझल चुकवतं. उलट उडालेला वितळलेल्या धातूचा रस तोंडाला चिकटतो, भोक एका अंगाने खाल्लं जाऊन बदामासारखं होतं, आणि कट तिरका यायला लागतो. लोक वेग बदलत बसतात. आधी नोझल काढून उजेडात धरून पाहावं.

पायलटवाल्याचंही पथ्य आहे. हवेत उगाच ट्रिगर दाबला तर नोझल फुकट जळतं. हाय फ्रिक्वेन्सी विजेने पेटणारा पायलट सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) टेबलच्या कंट्रोलरला त्रास देऊ शकतो. तिथे ब्लोबॅक टॉर्च बरा, कारण त्यात इलेक्ट्रोडच हवेच्या दाबाने मागे सरकून आर्क पेटवतो. पण हवा ओली किंवा तेलकट असेल तर हाच सरकता भाग अडकतो.

ओली हवा दोघांचीही वैरी. पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा आणि टॉर्चच्या अलीकडे फिल्टर बसवा. दाब साधारण ४.५ ते ५ बार लागतो, पण तो हवा वाहत असताना लावायचा. बंद हवेवर लावलेला दाब कट सुरू होताच खाली येतो. इलेक्ट्रोडच्या टोकाचा खड्डा १.५ मिमीच्या आसपास गेला की तो बदलावा, नाहीतर नोझलही सोबत जातं.

मधूनच भोक पाडताना टॉर्च तिरका धरून सुरुवात करा आणि आरपार गेल्यावर उभा करा, म्हणजे रस नोझलवर उडत नाही. ठिणग्या खालून किंचित मागे पडल्या तर वेग बरोबर. वर उडाल्या तर घाई होतेय. हवेचा झोत घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून पुढे जाताना उजवी कड जास्त चौकोनी निघते. कामाचा तुकडा उजवीकडे ठेवावा.

टॉर्चमध्ये २०० व्होल्टच्या वर डीसी असतो, त्यामुळे नोझल बदलण्याआधी मेन बंद. डोळ्यांसाठी ४० अँपिअरपर्यंत ५ नंबरची काळी काच, ४० ते ६० ला ६ नंबरची. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा कापायचा तर मोकळ्या हवेत. क्लोरीनयुक्त डीग्रीझरने (तेल काढणाऱ्या द्रवाने) पुसलेला जॉब तर अजिबात घेऊ नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

सगळं काम नव्या पत्र्याचं असेल तर बिनपायलट घ्यायला हरकत नाही. पण दुरुस्ती, गेट, ग्रिल असं काही येणार असेल आणि बजेट अडत असेल, तर ६० अँपिअरच्या बिनपायलटपेक्षा ४० चं पायलटवालं घ्यावं असं मला वाटतं.